पांढरे रस्ते आपोआप पांढरे राहत नाहीत

इटलीतल्या तोस्काना प्रांतात, सिएना शहराच्या भोवताली, डांबर न पडलेले कितीतरी रस्ते अजून आहेत. चुनखडीची खडी दाबून केलेले, उन्हात डोळे दिपवणारे. तिकडे त्यांना ‘स्त्रादे ब्यांके’ म्हणतात. सवड मिळाली की मी जाड टायरची सायकल घेऊन तिकडे जाते. हे त्या रस्त्यांविषयी, आणि त्यांच्यावर जे हळूहळू उमगत गेलं त्याविषयी.

१. हे रस्ते कच्चे राहिले, कारण माणसं निघून गेली. या भागात शतकानुशतकं ‘मेझाद्रिया’ चालायची. जमीन मालकाची, राबणारं कुटुंब दुसरंच आणि पीक निम्मं-निम्मं. आपल्याकडे अर्धेलीने जमीन कसायला देतात तसंच. टेकडीच्या माथ्यावर कुळाचं दगडी घर, तिथून मालकाच्या वाड्यापर्यंत, गिरणीपर्यंत, चर्चपर्यंत बैलगाडीची वाट. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कुटुंबं शहरांकडे, कारखान्यांकडे निघाली. १९६४च्या कायद्याने नवे मेझाद्रिया करार करायलाच बंदी आली. घरं ओस पडली. ज्या वाटेवर कुणी राहत नाही, तिच्यावर डांबर कोण टाकणार? माझे आजोबा सातारा जिल्ह्यात अर्धेलीने जमीन कसायचे. मळणीनंतर खळ्यावर पोती मोजून वेगळी होत नाहीत तोवर आजी जेवायला बसत नसे, असं आई सांगते. तिकडच्या एखाद्या पडक्या घराशी सायकल टेकवली, खालच्या मजल्यावर गुरांची दावण आणि वर माणसांच्या खोल्या असं पाहिलं, की मला ती पोती आठवतात. यातली बरीच घरं आता सुट्टीसाठी भाड्याने मिळतात, मागे पोहण्याचा तलावही असतो. तो देखावा सुंदर आहे यात शंकाच नाही. पण तो कुणाच्या तरी परागंदा होण्यातून उरलेला आहे, हे मनाआड करून मला तिथून पुढे जाता येत नाही.

२. उरलेलं टिकेलच असं नाही, त्यासाठी कुणीतरी उभं राहावं लागतं. एकेका रस्त्यावर डांबर पडत चाललं होतं. तेव्हा, १९९७ साली, जान्कार्लो ब्रोच्ची यांनी गायोले इन कियांती या गावातून ‘लेरोइका’ ही सायकलफेरी सुरू केली. पहिल्या वर्षी ९२ जण आले. सायकल १९८७च्या आधीच्या बनावटीची हवी, हा तिथला नियम. आता दर ऑक्टोबरात हजारो लोक लोकरीच्या जर्सी घालून येतात आणि २०९ किलोमीटरच्या वळशावर कायमच्या पाट्या लागल्या आहेत. त्यातूनच २००७ साली व्यावसायिक शर्यत निघाली. तीच आजची ‘स्त्रादे ब्यांके’. सांता कातेरिना गल्लीचा १६ टक्क्यांचा चढ चढून ती सिएनाच्या पियात्सा देल काम्पो या चौकात संपते. मला या सगळ्यातलं फार महत्त्वाचं वाटतं ते असं, की रस्ता वाचवण्यासाठी या लोकांनी त्याला कुंपण घातलं नाही, त्याच्यावरून चाकं फिरवली. जो रस्ता कालपर्यंत गरिबीची खूण होता, तो गावाला अभिमानाचा वाटू लागला. हे घडवून आणणं निवेदनं देण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

३. चढावर उभं राहून पेडल मारायचं नाही. सीटवरून उठलं की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि चाक सुट्या खडीवर जागच्या जागी फिरतं. हलका गिअर, सीटच्या पुढच्या टोकावर बैठक, वाकलेली कोपरं. उताराला ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. हात सैल ठेवायचे आणि मोटारींच्या चाकांनी दाबून घट्ट केलेल्या पट्ट्यावरून जायचं.

४. किलोमीटर मोजून इथला दिवस आखता येत नाही. आपल्याकडे घाट म्हणजे एक लांब चढ. त्यात लय सापडते, श्वास बसतो. सिएनाच्या आग्नेयेला, अशानोच्या बाजूला, मोंते सांते मारीए नावाचा साडेअकरा किलोमीटरचा टप्पा आहे. ‘स्त्रादे ब्यांके’ शर्यत तीनदा जिंकणाऱ्या फाबियान कान्चेलाराचं नाव त्याला दिलेलं आहे. तिथे एकही चढ नाव घेण्याएवढा लांब नाही, पण उतरलं की लगेच चढायचं, तेही खडीवर, आणि सावलीला एखादं सरूचं झाड. दोन्ही बाजूंना करड्या मातीच्या धारदार कडा. डांबरावरच्या हिशेबाने अर्ध्या तासाचं हे अंतर माझा तासभर तरी घेतं, आणि तो तास मला घाईत संपवायचाही नसतो. ज्या वाटा बैलांच्या चालीने आखल्या गेल्या, त्यांच्यावर तासाला दहा-बारा किलोमीटर हा काही कमी वेग नव्हे.

५. पाऊस आला की थांबायचं, मग पायांत कितीही बळ असो. सिएनाच्या आग्नेयेच्या या टेकड्यांना ‘क्रेते सेनेसी’ म्हणतात. इथली चिकणमाती प्लायोसीन काळातल्या समुद्राच्या तळाची आहे. नांगरलेल्या रानात अजून शिंपल्यांचे तुकडे सापडतात. कोरडी असताना ती दगडासारखी घट्ट, आणि भिजली की टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये थर बसत बसत चाक फिरेनासं होतं. २०१० साली जिरो द'इतालिया शर्यतीचा एक टप्पा भर पावसात याच मुलखातून मोंताल्चिनोला गेला. विश्वविजेत्याची इंद्रधनुषी जर्सी घातलेला कॅडेल इव्हान्स तो जिंकला, पण चिखलाने माखलेल्या त्या जर्सीवरचे पट्टेसुद्धा धड दिसत नव्हते. त्याच्या दिमतीला यांत्रिकांची गाडी होती. आपल्याकडे असते एक काटकी, माती खरवडायला.

६. पाणी हवं असेल तर कब्रस्तान शोधायचं. दुपारी एकनंतर वाण्याचं दुकान बंद होतं ते चार-पाचलाच उघडतं, आणि वस्तीत माणूस दिसत नाही. पण प्रत्येक गावाबाहेर सरूच्या झाडांमागे कब्रस्तान असतं, आणि फुलांना पाणी घालायला आत नळ असतो. नळाशेजारी खिळ्यांना हिरव्या प्लास्टिकच्या झाऱ्या टांगलेल्या. ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नाही ना, एवढं आधी पाहायचं. बाटली भरेपर्यंत नजर थडग्यांवर जाते. प्रत्येकावर चिनीमातीच्या लंबगोल चकतीवर फोटो. हातातल्या टोपीसकट उभा म्हातारा, केस घट्ट बांधलेली बाई. दोन-तीनच आडनावं फिरून फिरून येतात. रस्त्यावर न भेटलेलं गाव मला इथे भेटतं, आणि मी आत शिरताना हेल्मेट काढते.

७. मेंढ्या दिसल्या की उतरायचं. सोबत मारेम्मा जातीचे पांढरे राखणदार कुत्रे असतात, मेंढ्यांत मिसळून जाणारे. सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरून, न पळता, बोलत बोलत चालायचं. पिएंझाचं पेकोरिनो चीज तोस्कानाची शान म्हणून विकलं जातं. पण कुळं गेल्यावर मोकळ्या पडलेल्या या जमिनींवर मेंढ्या आणल्या त्या सार्डिनिया बेटावरून आलेल्या धनगरांनी. चीज टिकवलं त्यांच्या घरांनी.

८. देखावाही हातांनीच घडवलेला आहे. वाल दोर्चा खोऱ्यातली सरूच्या झाडांची ती नागमोडी वाट कॅलेंडरांवर हटकून असते. पाहणाऱ्याला ती मध्ययुगातली वाटते, पण ती विसाव्या शतकातली आहे. १९२४ साली ला फोचे ही उजाड जमीन विकत घेऊन लागवडीखाली आणणाऱ्या इरिस आणि आंतोनिओ ओरिगो यांच्या काळात ती तयार झाली. २००४ साली या खोऱ्याला युनेस्कोने जागतिक वारसा मानलं, ते माणसांनी आखलेली, घडवलेली भूमी म्हणूनच.

९. पांढरा रस्ता डांबरी रस्त्यापेक्षा जास्त राखावा लागतो. एकदा गावच्या पालिकेचा एक माणूस कडेची चर फावड्याने उकरताना भेटला. माझ्या तुटक्या इटालियनला कंटाळला नाही, काम थांबवून त्याने सगळं दाखवलं. रस्ता मध्ये किंचित फुगीर हवा, म्हणजे पाणी दोन्हीकडे उतरतं. चर गाळाने भरली की तेच पाणी रस्त्यावरून वाहतं आणि घळ पाडतं. खडी टाकून रोलर फिरवायचा तर जमीन ओलसर असतानाच, नाहीतर ती बसत नाही. गाड्या जोरात गेल्या की बारीक चुरा धुळीवाटे उडून जातो आणि मागे नुसते सुटे खडे राहतात, म्हणजे धूळ उडते तेव्हा रस्ताच उडत असतो. तेव्हापासून मी मागचं चाक फरफटवत थांबत नाही आणि ओल्या रस्त्यावर चाकोऱ्या पाडत नाही. मुक्काम, जेवण, वाटेतला पाव-चीज सगळं त्याच गावांतून घेते. कारण खडीचा आणि रोलरचा खर्च त्यांच्याच पालिकांच्या तिजोरीतून होतो.