पीएमपीचा क्लास आत्ताच लावायचा का?

इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष सुरू झालं की पालकांचा हा प्रश्न ठरलेला. ‘प्लेसमेंटचं काही खरं नाही म्हणतात. तोवर पीएमपी तरी करून टाकू दे का त्याला?’ उत्तर तीन शब्दांचं आहे: करता येणार नाही. पीएमपी ही अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची, म्हणजे पीएमआयची, १९८४ पासून चालत आलेली परीक्षा. इंजिनीअरने अर्ज भरायचा तर प्रकल्पाची जबाबदारी सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो. शिक्षण बारावीपर्यंतच असेल तर ६० महिन्यांचा. वर ३५ तासांचं प्रशिक्षण. काही अर्ज तपासणीसाठी बाजूला काढले जातात, तेव्हा काकांच्या फर्मचं पत्र जोडून भागेल या भरवशावर राहू नका.

नियम राहू द्या बाजूला. मला महत्त्वाचं वाटतं ते असं की ही परीक्षा आता पाठांतराने निघत नाही.

पीएमआयचं मुख्य पुस्तक म्हणजे ‘पीएमबॉक गाइड’. २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत ४९ प्रक्रिया होत्या आणि प्रत्येकीसाठी काय लागतं, कोणती साधनं वापरायची, हाती काय येतं याच्या याद्या. मुलं त्यांचे तक्ते भिंतीवर लावून घोकायची. २०२१ च्या सातव्या आवृत्तीने त्या याद्यांवरचा भर काढून १२ तत्त्वं पुढे आणली. त्याच वर्षी परीक्षा बदलली आणि जवळपास निम्मे प्रश्न अजाइल, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करत बदल सामावून घेण्याच्या, किंवा मिश्र पद्धतीवर आले. २०२५ च्या आठव्या आवृत्तीत तत्त्वं सहावर आली आणि वगळलेल्या प्रक्रिया पुन्हा दाखल झाल्या. जुलै २०२६ पासूनच्या परीक्षेत व्यवसायाशी निगडित भागाचं वजन ८ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर जातं. प्रकल्प वेळेत संपवलात, पण त्यातून कंपनीला मिळालं काय, हे आता जास्त विचारणार.

प्रश्न कसे असतात ते बघा. काम निम्म्यावर आलंय. ग्राहकाकडच्या माणसाने तुमच्या टीममधल्या मुलीला परस्पर फोन करून एक जादा स्क्रीन मागितली आणि तिने ती बनवायला घेतली. तुम्ही आधी काय कराल? थांबवाल, वरिष्ठांना कळवाल, जादा बिल लावाल, की वेळेवर आणि खर्चावर काय परिणाम होतो ते तपासाल? पारंपरिक पद्धतीत आधी परिणाम तपासायचा आणि मग बदलाची रीतसर मागणी मंजुरीला पाठवायची. तेच काम अजाइल पद्धतीने चाललं असेल तर मागणी कामांच्या यादीत टाकायची. ती कधी घ्यायची ते प्रॉडक्ट ओनर ठरवतो. ज्याने असा फोन कधी घेतलाच नाही त्याला चारही पर्याय बरोबर वाटतात. बाविसाव्या वर्षी क्लासला पैसे भरू नका म्हणतो ते यासाठी.

ब्रिटनची वाट वेगळी आहे. तिथल्या सरकारने १९८९ मध्ये सरकारी संगणक प्रकल्पांसाठी प्रिन्स नावाची पद्धत ठरवली. १९९६ मध्ये ती प्रिन्स टू म्हणून सगळ्याच क्षेत्रांसाठी खुली झाली. तिची सातवी आवृत्ती २०२३ मध्ये आली. जुन्या ‘थीम्स’ आता ‘प्रॅक्टिसेस’ झाल्या. नावं बदलली तरी फार बिघडत नाही, पण प्रकल्पातली माणसं हा पद्धतीचाच एक भाग म्हणून आत घेतला, हा बदल खरा. फाउंडेशन पातळीला अनुभवाची अट नाही. एका तासात ६० प्रश्न. ब्रिटनमध्ये नोकरी करायचा बेत असेल तर ही परीक्षा उपयोगाची, एरवी घाई नाही.

रेझ्युमेवर काहीतरी हवंच असेल तर पीएमआयचीच सीएपीएम आहे. बारावीनंतर २३ तासांचं प्रशिक्षण घेतलं की बसता येतं. तीन तासांत १५० प्रश्न. २०२३ पासून तिच्यातही अजाइल आणि बिझनेस अ‍ॅनालिसिस आलं आहे. तिच्या जोरावर कुणी मॅनेजर करणार नाही. मुलाखतीत बोलायला विषय मिळतो, एवढंच.

मुलाखतीत हमखास अडवणारा प्रश्न म्हणजे प्रोजेक्ट आणि प्रोग्रॅम यांतला फरक. समृद्धी महामार्ग घ्या. ७०१ किलोमीटरचं काम १६ पॅकेजेसमध्ये वाटलेलं होतं. प्रत्येक पॅकेज हा एक प्रकल्प. त्याचा मॅनेजर आपल्या टप्प्यातले पूल आणि भराव बघतो. पण १५ पॅकेजेस पूर्ण होऊन एक अडलं, तर नागपूरहून मुंबईला सलग जाता येत नाही. हे सगळं एका धाग्यात ठेवणं, एकाचा उशीर दुसऱ्याला कुठे नडतो ते बघणं, हे प्रोग्रॅमचं काम. त्यासाठी पीजीएमपी आणि एमएसपी अशी वेगळी प्रमाणपत्रं आहेत, पण ती चाळिशीच्या आसपास आठवली तरी चालतील.

तोवर मुलाने पहिली नोकरी घ्यावी, साइटवर नाहीतर टेस्टिंगमध्ये. बैठकीचं टिपण लिहायचं काम कुणालाच नको असतं, ते मागून घ्यावं. कुणी काय कबूल केलं आणि कधीपर्यंत, हे सगळ्यात आधी त्यालाच कळतं. कुठल्या प्रकल्पात काय केलं याची नोंद महिन्यागणिक ठेवावी. पुढे पीएमपीच्या अर्जात तीच लागते.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात निम्म्या किमतीत पीएमबॉक दिसलं तर आवृत्ती पाहून घ्या. क्लासवाल्यालाही तेच विचारा, आणि फीसोबत नंतरचा खर्चही. पीएमपी टिकवायला दर तीन वर्षांत ६० पीडीयू, म्हणजे साधारण तेवढ्या तासांचं शिक्षण आणि काम, दाखवावं लागतं आणि नूतनीकरणाची फी भरावी लागते. प्रिन्स टूचं प्रमाणपत्रही तीन वर्षांनी संपतं.