पुसलेले वाचण्याचे शास्त्र

१६ फेब्रुवारी २००५ रोजी अमेरिकेतील विचिटा शहराच्या एका दूरचित्रवाणी केंद्राकडे टपालाने एक फ्लॉपी आली. ती पाठविणाऱ्याने १९७४ ते १९९१ या काळात दहा खून केले होते, आणि तो तोवर सापडला नव्हता. फ्लॉपीवरून माग लागतो काय, असे त्याने आधी पोलिसांनाच विचारले होते! लागत नाही, अशा अर्थाचे उत्तर पोलिसांनी वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातीतून दिले. फ्लॉपी तपासताच तीत एक पुसून टाकलेली फाइल मिळाली. तिच्या नोंदींत ‘डेनिस’ हे नाव व एका चर्चचे नाव होते. त्या चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष होता डेनिस रेडर. जवळच्या नातलगाच्या नमुन्यावरून डी.एन.ए. पडताळून २५ फेब्रुवारीला त्याला अटक झाली.

पुसलेली फाइल वाचता आली कशी? फ्लॉपीवर फाइलींची एक यादी असते. फाइल पुसली की यादीतील तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी २२९ ही संख्या लिहिली जाते आणि तिची जागा ‘मोकळी’ ठरते. मजकुराला मात्र कोणी हात लावत नाही. हजेरीपटावरचे नाव खोडले म्हणून मुलगा वर्गातून नाहीसा होत नाही, तसेच हे!

त्या जागेवर नवी फाइल लिहिली गेली तरी सारे संपत नाही. संगणकाची चुंबकीय तबकडी बहुधा ४०९६ बाइटांच्या गाळ्यांनी वाटली जाते, आणि एकेका गाळ्यात ५१२ बाइटांचे आठ कप्पे असतात. १००० बाइटांची नवी फाइल दोनच कप्पे व्यापते. उरलेल्या सहा कप्प्यांत, म्हणजे ३०७२ बाइटांत, जुना मजकूर तसाच राहू शकतो. एस.एस.डी. साठवणीत मात्र मोकळी जागा उपकरण स्वतःच साफ करते. तेथे उशीर महागात पडतो.

म्हणून या विद्येचा पहिला धडा शोधण्याचा नव्हे, तर न बिघडविण्याचा असतो. जप्त केलेला संगणक नुसता सुरू केला तरी शेकडो नोंदी बदलतात. त्यामुळे लेखन रोखणारे उपकरण मध्ये जोडून तबकडीची बिटागणिक प्रत काढतात आणि मूळ व प्रत या दोहोंचा ‘हॅश’ ताडून पाहतात. एस.एच.ए.-२५६ या पद्धतीने ६४ चिन्हांची एक ओळ मिळते. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी ती ओळखू येणार नाही इतकी बदलते. शिक्षकांनी हा प्रयोग शाळेच्या संगणकावर अवश्य करून दाखवावा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार संगणकीय पुराव्यासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात हा हॅश लिहावा लागतो. तो जुळला नाही तर खरा पुरावाही संशयास्पद ठरू शकतो.

या क्षेत्रात यावयाचे तर गणितासह विज्ञान शाखा घ्यावी. पुढे संगणकशास्त्र, भौतिकी वा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी चालते. गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ, तसेच मुंबईची न्यायसहायक विज्ञान संस्था येथे या विद्येचे शिक्षण मिळते. तयार प्रणालीची बटणे दाबायला शिकविणाऱ्या अल्पमुदतीच्या वर्गांवर माझा फारसा विश्वास नाही. द्विमान व षोडशमान संख्या हाताने वाचता आल्या पाहिजेत. कारण उलटतपासणीत वकील विचारतो, ‘हे तुम्ही पाहिलेत, की यंत्राने सांगितले?’ शिवाय फाइलवर नाव कोणाचे आहे एवढेच तबकडी सांगते. त्या वेळी कळफलकापुढे कोण बसले होते, हे ती सांगत नाही. विचिटाच्या पोलिसांनी डी.एन.ए. तपासले ते याचसाठी.