दगडातले पाखरू

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कात्रजचा घाट लागतो. एस.टी. घाट चढू लागली की डोंगराची कापलेली बाजू बघा. काळ्या दगडाचे थरावर थर दिसतात. भाकऱ्यांची चवड असावी तसे. हा दगड एके काळी पातळ होता, उकळत्या गुळासारखा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या. आतला तापलेला रस वर आला, पसरला, थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला.

या दगडात हाडे शोधू नका. त्या आगीत काय टिकणार? हाडे मिळतात ती रसाखाली दबलेल्या मातीत. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा गाव आहे. तिथे डायनोसोर नावाच्या प्रचंड प्राण्यांची हाडे मिळाली. त्यांचे शेणसुद्धा मिळाले, दगड झालेले! शास्त्रज्ञांनी ते तपासले. त्यात गवताचे कण होते, असे त्यांनी २००५ साली जाहीर केले. शेणावरून चारा ओळखणे आपल्याला काही नवे नाही. पण हे शेण कोट्यवधी वर्षांचे!

पाखरू मात्र दूर जर्मनीत सापडले. तिथे बव्हेरियात चुनखडीच्या खाणी आहेत. दगड इतका गुळगुळीत, की त्यावर लिहून छपाई करीत. आपल्याकडेही पूर्वी शिळाछापाची पुस्तके निघत. १८६१ साली अशा खाणीतल्या दगडात एक सांगाडा दिसला. साधारण कावळ्याएवढा. पिसांचे ठसे अगदी स्पष्ट. पण पंखांना नख्या, मागे हाडांची लांब शेपटी, आणि या जातीच्या तोंडात चक्क दात! पाखरू म्हणावे की सरडा? वय सुमारे १५ कोटी वर्षे. नाव अवघड आहे, तोडून वाचा: आर्कि-ऑप-टे-रिक्स.

तो दगड औषधपाण्याच्या मोबदल्यात एका डॉक्टराकडे आला, असे सांगतात. डॉक्टराने तो इतर दगडांसह लंडनच्या संग्रहालयाला ७०० पौंडांना विकला. देणाऱ्याला औषध, डॉक्टराला ७०० पौंड!

पुढे १९९६ साली चीनमधून बातमी आली. तिथे एका लहान डायनोसोरच्या अंगावर पिसांसारखी लव दिसली. मग बहुतेक शास्त्रज्ञांची खात्री पटली, की पाखरे ही लहान डायनोसोरांचीच वंशज आहेत. मोठे डायनोसोर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेले. आकाशातून एक प्रचंड दगड पृथ्वीवर आदळला होता. आपल्याकडच्या तापलेल्या रसाचाही त्यात किती हात होता, यावर अजून वाद चालतो. काही पाखरे मात्र तगली.

आज कोंबडी धराल तेव्हा तिचा पाय बघा. पुढे तीन बोटे, टोकाला नख्या. डायनोसोरांच्या पावलांचे ठसे दगडात मिळतात. त्यातले कित्येक असेच आहेत, तीन बोटांचे.