पॉइंट वर, गाड्या खाली

गावाला 'क' वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा मिळाला की पहिला फोन ठेकेदाराचा येतो. पर्यटक त्याच्या मागून येतात. मी पाटण तालुक्यातल्या एका डोंगरगावचा. संयुक्त वनव्यवस्थापन समितीत बरीच वर्षं बसतोय. गावाचं नाव लिहीत नाही, रविवारी आधीच गाड्यांना जागा पुरत नाही. पण ज्यांच्या गावाला कडा आहे आणि त्या कड्यावरून दिसणाऱ्या दरीचे व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागलेत, त्यांनी आमच्याकडे काय झालं ते ऐकून ठेवावं. निधी यायच्या आधी ऐकलं तरच उपयोग.

आमचं अंदाजपत्रक फेब्रुवारीत झालं. बहुतेकांचं तेव्हाच होतं, कारण 31 मार्च डोक्यावर असतो. फेब्रुवारीत सड्यावर, म्हणजे कड्यावरच्या खडकाळ पठारावर, गेलात तर काय दिसतं? काळा खडक, करपलेलं गवत आणि वारा. सातबाऱ्यावरही त्यातला बराच भाग पोटखराबा म्हणून लागलेला. पाहणीला आलेल्या साहेबांना ती पडीक जागा वाटली, यात नवल नाही. सड्यावर म्हसरं वळण्यात ज्यांचं आयुष्य गेलं ते आमचे तात्या एवढंच म्हणाले, "साहेब, पावसात एकदा येऊन बघा, मग खुणा मारा." साहेब हसले. "तात्या, पावसाळ्यात इस्टिमेट होत नसतं, दुरुस्त्या होतात." दोघंही खरंच बोलत होते.

मंजूर झालं ते असं: कड्यापर्यंत डांबरी रस्ता, टोकाला काँक्रीटची प्रेक्षा गॅलरी, दोन पॅगोडे, पेव्हर ब्लॉक, स्वच्छतागृह, आणि 'आय लव्ह' लिहून पुढे गावाचं नाव अशी रंगीत अक्षरं. ही अक्षरं हल्ली जिथे तिथे दिसतात. दरी बघायला शंभर किलोमीटर गाडी हाकत आलेला माणूस दरीकडे पाठ करून त्यांच्यापुढे उभा राहतो, हे मी रोज बघतो आणि मला अजून उलगडलेलं नाही.

सडा कसा चालतो ते समजून घेतलं की या यादीतलं घातक काय ते कुणालाही कळतं. वरचा थर जांभ्याचा, भोकाभोकांचा. त्यावर माती कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. जूनमध्ये पाऊस धरला की खडकावरून पाणी पातळ पसरून सरकत राहतं, खळग्यांत साचतं. त्या बोटभर मातीत ऑगस्ट-सप्टेंबरात गेंद, सीतेची आसवं, कवला, सोनकी उठतात. माती इतकी निकस की सीतेच्या आसवांना बारीक जीव धरून पोट भरावं लागतं. सुट्या दगडांखाली पाली, विंचू, बेडूक असतात. पर्यटक हौसेने दगडावर दगड रचून मनोरे करतात तेव्हा त्यांचं घर उचललं जातं. उरलेलं पाणी जांभ्यात मुरत खाली उतरतं आणि सड्याच्या पोटाशी झरे फुटतात. आमच्या वाड्यांची पाण्याची टाकी म्हणजे हा सडा.

त्यावरून ओल्यात एक जीप गेली तरी चाकोरी पडते. सरकणारं पाणी त्या चाकोरीत शिरतं आणि माती घेऊन जातं. पुढच्या वर्षी तिथे फूल येत नाही, पण दुसरी जीप त्याच चाकोरीने येते. रस्त्याचा भराव आडवा आला तर आणखी वेगळंच होतं: वरच्या अंगाला पाणी तुंबतं, खालचं अंग भर पावसात कोरडं राहतं.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते स्वच्छतागृह. नकाशा नेहमीचा होता, खाली शोषखड्डा दाखवलेला. मातीच्या जमिनीत पाणी हळूहळू मुरतं, गाळलं जातं. जांभ्यात ते भोकाभोकांतून सरळ खाली जातं. ब्रेकर लावून खड्डा फोडला तेव्हाच आतल्या फटी दिसत होत्या, पण नकाशात फटी नव्हत्या. पावसाळ्यात गर्दी झाली आणि खालच्या वाडीत पोरांची पोटं बिघडायला लागली. जलसुरक्षकाने झऱ्याचं पाणी तपासणीच्या छोट्या बाटलीत भरलं, झाकण घट्ट लावून बाटली घरातल्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पाणी काळंकुट्ट. काळं पडलं म्हणजे पाण्यात विष्ठेतले जंतू असण्याचा संभव, हे त्याला प्रशिक्षणात शिकवलेलं. बैठकीत एकजण म्हणाला, "किट जुनं असेल." नव्या किटची बाटलीही काळी झाली, आणि प्रयोगशाळेचा दाखला आला तो 'पिण्यास अयोग्य' असाच. ज्या कार्यालयाने काम केलं त्याने काम नकाशाप्रमाणे झाल्याचं लेखी कळवलं. ते खरंही होतं. मग स्वच्छतागृहाला कुलूप लागलं, आणि माणसं कारवीच्या झुडपांआड जायला लागली. ती झुडपंही त्याच झऱ्याच्या डोक्यावर.

तेव्हा ग्रामसभेत नकाशा पसरला की पहिला प्रश्न हा विचारा: याचं सांडपाणी कुठल्या वाडीच्या डोक्यावर आहे? उत्तर सांगणारा माणूस कार्यालयात सापडणार नाही. झरे कुठे फुटतात, कुठला झरा मेपर्यंत टिकतो, हे पाणी भरणाऱ्या बायकांना आणि गुराख्यांना ठाऊक असतं. त्यांना घेऊन शिवारफेरी काढा, झरे नकाशावर मांडा, आणि तो नकाशा ठरावाला जोडा. तोंडी हरकत कुठेच उरत नाही. स्वच्छतागृह पठारावर नकोच. ते खाली, झऱ्यांच्या वाटेबाहेर, बंद टाकीचं असावं. टाकी भरली की उपसणारी गाडी तिथवर यायला हवी आणि तिचा खर्च आधी धरलेला हवा.

प्रेक्षा गॅलरीची कथा छोटी आहे. जांभ्याच्या कठीण थराखाली मऊ, चिकण थर असतो. पाऊसवाऱ्याने तो आधी झिजतो, आणि वरचा कठीण थर छज्ज्यासारखा पुढे लोंबत राहतो. वर उभं राहणाऱ्याला पायाखालचं पोकळपण दिसत नाही. रेलिंगचे खांब रोवायला त्याच छज्ज्याला भोकं पाडली. पावसात एका रात्री दोन खांब खडकाच्या तुकड्यासकट दरीत गेले. दिवसा गेले असते तर मी हा लेख वेगळ्या कारणाने लिहीत असतो. रेलिंग हवंच, पण कड्यापासून चांगलं आत. आणि जागा भूवैज्ञानिकाने समोरच्या धारेवरून कड्याचं पोट बघून ठरवावी. रेलिंग आत घेतलं की फोटोत येतं, अशी तक्रार होते. होऊ द्यावी.

आता मुख्य गोष्ट. पॉइंटचं भवितव्य गाडी कुठे थांबते यावर ठरतं, बाकी सगळं त्यामागून येतं. गाडी जिथे थांबते तिथे टपरी येते, टपरीमागे वेफर्सची पाकिटं, बाटल्या, पाकिटांमागे माकडं आणि कुत्री. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि बाजारपेठ तिथून अडीच-तीन किलोमीटरवर आहे. माणसं चालतात, घोड्यावर बसतात, हल्ली ई-रिक्षाही आहे. तरी माथेरान ओस पडलं नाही. आमच्याकडे रस्ता होऊन बसला होता, म्हणून ग्रामसभेने ठराव करून पठाराच्या बरंच खाली, सपाटीवर, मोठे दगड आडवे लावले आणि तिथल्या खासगी पडीक जमिनी भाड्याने घेऊन वाहनतळ केला. धंदा बसेल म्हणून ओरड झाली. पण चढून-उतरून आलेल्या माणसाला भूक लागते. पिठलं-भाकरी करणाऱ्या वहिनींची ताटं पूर्वी दुपारपर्यंत उरायची, आता चुलीवरून तवा उतरत नाही. म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठी गावातली एक गाडी वर सोडतो, चालक गावचा.

कासचं उदाहरण सगळे देतात, आणि द्यावंच. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांपैकी एक म्हणून ते जागतिक वारसा यादीत गेलं आणि गर्दी अंगावर आली. तिथे दिवसाला सुमारे 3000 माणसांची मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि प्रवेशशुल्क असं करावं लागलं. ही व्यवस्था भोवतालच्या गावांच्या समित्या वनविभागाबरोबर चालवतात. पण तिथलं कुंपणही आठवा. फुलं वाचवायला जाळी लावली, त्यावर गुरांचं फिरणं थांबल्याने गवत माजतं आणि फुलं मागे पडतात असं जाणकार बोलू लागले, आणि शेवटी जाळी काढली गेली. तेव्हा चराई थांबवायचा आग्रह कुणी धरला तर तात्यांसारख्यांना आधी विचारा. गुरं आणि गाडी एकाच यादीत घालू नका.

कागदांचं थोडं. सड्याची मोजणी करून घ्या, कारण गायरान कुठे संपतं आणि वनजमीन कुठे सुरू होते हे बांधकाम सुरू झाल्यावर कळलं तर काम अर्धवट लोंबकळतं; आमचा एक पॅगोडा तसाच उभा आहे, छपराविना. आणि व्हिडिओ फिरायला लागला की एजंट येतात. ते पठार विकत मागत नाहीत, पठाराकडे जाणाऱ्या वाटेवरची शेतं मागतात. एकदा ती गेली की वाहनतळ, चहा, जेवण सगळं त्यांच्या हातात जातं आणि गाव रखवालदारीला लागतं. ज्यांना पैशाची नड आहे त्यांना जमीन विकू नका असं सांगून भागत नाही. त्यांच्या जमिनीला वाहनतळाचं भाडं आधी द्या.

राहिला पैसा. बांधायला निधी मिळतो, झाडलोटीला मिळत नाही. म्हणून वाहनतळाचं शुल्क ठेवलं आणि त्यातून कचरा खाली नेणारी पोरं, टाकी उपसणं आणि उन्हाळ्याआधी वणव्यासाठी जाळपट्टे काढणं भागवतो. वसुलीचं टेंडर काढा, असा सल्ला आम्हालाही आला. टेंडर घेणारा गाड्या मोजतो, त्याला जास्त गाड्या हव्या असतात, आणि गर्दीच्या दिवशी दगड बाजूला सारायची सोय तोच करतो. आमच्याकडे पावतीपुस्तक बचतगटाकडे आहे, हिशेब मासिक सभेत वाचला जातो, आणि वाहनतळ भरला की साखळी लावतात. साखळी लागली की फोन येतात, त्यातले काही बऱ्याच वरून. फोन घ्यायचं काम समितीने माझ्याकडे दिलंय. मी रविवारी मोबाइल घरी ठेवतो.