दम आहे, पण पायांचे काय?

‘डॉक्टर, वीस वर्षे कबड्डी खेळलो. आता पन्नास किलोमीटर धावायचे म्हणतो. जमेल ना?’ दवाखान्यात हल्ली असा प्रश्न अधूनमधून येतो. मी स्वतः याच वाटेने गेलो आणि चांगलीच ठेच खाल्ली. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. त्याहून लांबच्या शर्यतीला अल्ट्रा म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांदरम्यान होणारी ‘कॉमरेड्स’ ही यातली नामांकित शर्यत. ती १९२१ मध्ये सुरू झाली. तिचे अंतर ८५ ते ९० किलोमीटर असते व ते १२ तासांत पुरे करावे लागते.

मी कॉलेजपासून कबड्डी आणि व्हॉलीबॉल खेळत आलो. वयाच्या ४४ व्या वर्षी धावायला लागलो, तेव्हा पहिल्याच महिन्यात दहा किलोमीटर सहज जमले. धाप लागेना, तसा उत्साह वाढला. दोन महिन्यांत २५ किलोमीटरवर गेलो. मग नडगीच्या आतल्या बाजूला एका जागी दुखू लागले. रुग्णाला मी विश्रांती सांगितली असती. स्वतः मात्र वेदनाशामक गोळी घेऊन धावत राहिलो. पुढे रात्री झोपेतही ठणका लागू लागला. एक्स-रेमध्ये काही दिसले नाही, पण एमआरआयमध्ये हाडाला केसाएवढी चीर दिसली. अस्थिरोगतज्ज्ञ मित्राने सुनावले, ‘आणखी धावला असतास, तर हाड मोडूनच आला असतास.’

असे का झाले? कबड्डीतली चढाई ३० सेकंदांची. जोर लावायचा, मग थोडी उसंत. लांब धावताना मात्र एका किलोमीटरला साधारण हजार पावले पडतात आणि प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. जुन्या खेळाडूचा दम काही आठवड्यांत परत येतो. पण स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे त्या सावकाश बळकट होतात. हाडाचे तर आधी जुना भाग झिजवणे आणि मग नवा भरणे, असे काम चालते. त्याला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात हाड उलट नाजूक असते. दम ‘चल’ म्हणतो तेव्हा पाय तयार असतातच असे नाही.

म्हणून काही पथ्ये सांगतो :

१) पहिले तीन-चार महिने आठवड्यातून तीन-चार दिवसच, थोडे धावणे आणि थोडे चालणे असे करावे. बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी करावे.

२) आठवड्यातून दोनदा बैठका व टाचा उचलण्याचा व्यायाम करावा.

३) हाडावर एकाच जागी दुखत असेल, रोज वाढत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

४) लांब धावताना वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, मूत्रपिंडावर ताण येतो. धावल्यानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर लगेच रुग्णालय गाठावे.

५) पाणी तहानेप्रमाणे प्यावे. तासन्‌तास अति पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते. मळमळ, गोंधळल्यासारखे होणे आणि पुढे झटके येणे असा धोका संभवतो.

चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा घराण्यात हृदयविकार असलेल्यांनी आधी तपासणी व ईसीजी करून घ्यावा. छातीत दाटून आले, तर ‘जुना खेळाडू आहे’ म्हणून अंगावर काढू नये.

माझे धावणे दोन महिने बंद राहिले. नंतर चालण्यापासून पुन्हा सुरुवात केली आणि चौदा महिन्यांनी ५० किलोमीटर पुरे केले. चढ आला की चालत गेलो, मागून आलेली पोरे पुढे निघून गेली. त्याचे काही वाटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याचा जिना नेहमीसारखा चढलो, याचाच आनंद अधिक होता.