चिठ्ठी निघण्याआधी

नवनगर, हुबळी

चि. ताईस,


धारवाडच्या वसतिगृहात यंदा दुसऱ्या वर्षाच्या मुलींना खोल्या चिठ्ठ्या टाकून देणार, असं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. निपाणीच्या तुम्ही तिघी एकत्र अर्ज भरणार आहात आणि पसंतिक्रमावरून घरात दोन मतं पडली आहेत, हेही कळलं. बाबांचं म्हणणं, सगळ्यांना हवी असलेली खोली पहिल्या क्रमांकावर लिहू नये. ती मिळायची नाही आणि पहिली पसंती फुकट जायची. आजीचं म्हणणं, नशिबात असेल ती मिळेल, काहीही लिही. मला, म्हणजे तुझ्या मामाला, ही दोन्ही मतं पटलेली नाहीत, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

सोडत मराठी घरांना नवी नाही. म्हाडाची घरं सोडतीने मिळतात, महाराष्ट्रात आरटीईच्या पंचवीस टक्के जागांसाठी लहान मुलांची नावंही सोडतीतूनच निघतात. वसतिगृहाची सोडत मात्र एका बाबतीत वेगळी असते. इथे चिठ्ठी खोली देत नाही, पाळी देते. पहिला नंबर जिचा, ती सगळ्या खोल्यांतून निवडते, दुसरी उरलेल्यांतून, आणि असंच शेवटपर्यंत. तुमच्या वसतिगृहाची पद्धत हीच असेल, तर बाबांची भीती निराधार आहे. अर्जात काय लिहिलंय त्यावर नंबर ठरत नाही. पाळी येईल तेव्हा यादीत वरून खाली पाहत जायचं आणि शिल्लक असलेली पहिली खोली नावावर करायची, एवढंच घडतं. मनात जी खोली पहिली आहे ती कागदावर पाचवी लिहिली, तर नंबर लवकर लागूनही चौथी गळ्यात पडू शकते. म्हणून खरा क्रम लिहावा आणि यादी लांब ठेवावी. तीनच खोल्या लिहून थांबणाऱ्या मुलीचा नंबर उशिरा लागला, तर तिच्या वतीने दुसराच कोणीतरी ठरवतो.

पण आधी नियम वाच. काही ठिकाणी पाळीने वाटप होत नाही. आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंत्या पाहतात, त्या जागा भरून टाकतात आणि मग दुसऱ्या पसंतीकडे वळतात. तिथे बाबांचा हिशेब बरोबर ठरतो, कारण पहिली पसंती हुकली की दुसऱ्या पसंतीची जागाही तोवर दुसऱ्या कोणाच्या पहिल्या पसंतीत गेलेली असते. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात सरकारी शाळांचे प्रवेश असेच होत. ज्या पालकांना ही खोच ठाऊक होती ते विचारपूर्वक अर्ज भरत, आणि ज्यांनी भाबडेपणाने मनातलं लिहिलं त्यांची मुलं मागे पडत. अर्थशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिल्यावर शहराने २००५ मध्ये ती पद्धत सोडली. तेव्हा वॉर्डनबाईंना एकच प्रश्न विचार: आधी नंबर पाहणार की आधी पसंती? उत्तर लेखी मिळालं तर फारच उत्तम.

चिठ्ठ्या कशा काढतात तेही डोळ्यांनी पाहावं. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांच्या जन्मतारखांची सोडत झाली. ३६६ तारखा निळ्या कुप्यांत घालून काचेच्या बरणीत ओतल्या होत्या. कुप्या महिन्यावार भरल्या गेल्या आणि नीट ढवळल्या गेल्या नाहीत. नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मलेल्यांच्या वाट्याला सुरुवातीचे नंबर जास्त आले, म्हणजे सैन्यात आधी बोलावणं. संख्याशास्त्रज्ञांनी बोट ठेवल्यावर पुढच्या वर्षीची पद्धत बदलावी लागली. वसतिगृहात कोणाच्या जिवावर बेतत नाही, तरी चिठ्ठ्या सारख्या आकाराच्या, सारख्या घडीच्या असाव्यात, सगळ्यांसमोर ढवळाव्यात, आणि निघालेला प्रत्येक नंबर लगेच फळ्यावर लिहावा. हे मागणं उद्धटपणाचं नाही. संगणकावर सोडत असेल तर दोन मुलींना शेजारी बसवून घ्या, असं नम्रपणे सांगता येतं.

आता ज्या मुली जुन्याच खोलीत आहेत त्यांचं काय? अनेक ठिकाणी त्यांना खोली तशीच ठेवता येते. पण एकदा सोडतीत उतरलं की जुन्या खोलीवरचा हक्क जातो. म्हणून बदल हवा असूनही अनेकजणी आहे तिथेच बसून राहतात आणि चांगल्या खोल्या सोडतीत येतच नाहीत. अतिला अब्दुलकादिरोलू आणि तायफुन सोन्मेझ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये यावर सुरेख तोड सुचवली. कोणी तुझी खोली मागितली आणि तुझी पाळी अजून आली नसेल, तर तुला त्या व्यक्तीच्या आधी निवडू द्यायचं. मग उतरणाऱ्याचं नुकसान होतच नाही. तुमच्या विद्यार्थिनी प्रतिनिधीने हे व्यवस्थापनापुढे मांडायला हरकत नाही.

खोलीबद्दल थोडक्यात. हुबळी-धारवाडात नळाला रोज पाणी न येणाऱ्या वस्त्या अजून आहेत, तेव्हा बोअरवेल आहे का, टाकी केवढी, वरच्या मजल्यावर सकाळी सात वाजता धार कशी असते, हे तिथे राहिलेल्या मुलींना विचार. धारवाडचा पाऊस चिवट असतो. भिंतीला ओल धरते का ते जुलैतच कळतं. न्हाणीघराशेजारची खोली सोयीची वाटते, पण पहाटेपासून बादल्यांचा आवाज सोसावा लागतो. बाकी खिडकी, कपाट, पंखा यांत उन्नीस-बीस असणारच.

खरा प्रश्न खोलीचा नाही, खोलीत कोण राहणार याचा आहे.

डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये जोड्या लावण्याविषयी एक प्रसिद्ध निबंध लिहिला. पुढे २०१२ साली शॅप्लींना नोबेल मिळालं त्याच्या मुळाशी हेच काम होतं. त्यात खोलीतल्या जोडीदारांचं एक छोटं उदाहरण आहे. चौघं आणि दोन खोल्या. पहिल्याला दुसरा हवा, दुसऱ्याला तिसरा, तिसऱ्याला पहिला, आणि चौथा सगळ्यांनाच शेवटी हवा. जोड्या कशाही लावा, चौथ्याबरोबर पडलेल्याला दुसऱ्या खोलीत आपल्याबरोबर यायला तयार असलेला एक जण सापडतोच आणि ठरलेलं मोडतं. कोणाच्याही स्वभावात खोट नसताना हे होतं. दरवर्षी सोडतीआधीच्या आठवड्यात वसतिगृहात रडारड होते, अबोले धरले जातात, त्यातलं बरंचसं या गणितातच बसतं. तुम्हा तिघींपैकी कोणी सोडून गेली तर तो विश्वासघात मानू नकोस. आणि त्या चौथीकडे लक्ष ठेव. तिच्याबरोबर राहायला आनंदाने तयार होणारी एक मुलगी असली तरी सगळा पेच सुटतो.

तिघींनी एकत्र राहण्याच्या बेताला मामाचा विरोध आहे, हे आता स्पष्टच लिहितो. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात नव्या मुलांना खोल्या देताना चार गोष्टी विचारत: सिगारेट ओढता का, अभ्यास करताना गाणी ऐकता का, रात्री उशिरापर्यंत जागता का, नीटनेटके आहात का. त्या जुळल्या की जोडी चिठ्ठीनेच. ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ साली त्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खोलीतल्या जोडीदाराचा परिणाम गुणांवर दिसला, कोणत्या मंडळात सामील व्हायचं यावरही दिसला. पदवीचा विषय निवडण्यावर मात्र दिसला नाही. म्हणजे अनोळखी जोडीदारामुळे कोणी आपली वाट सोडत नाही, पण रोजच्या सवयी बदलतात. हार्वर्डमध्ये पूर्वी विद्यार्थी आपापल्या आवडीची निवासगृहं मागत. परिणामी एका इमारतीत खेळाडू, दुसरीत कलावंत, असे कप्पे पडले. १९९६ पासून तिथे मित्रांचा छोटा गट एकत्र राहू शकतो, पण तो कुठे जाणार हे चिठ्ठी ठरवते.

कोणी कोणाबरोबर राहायचं हा प्रश्न आपल्याकडे कितीतरी खोल होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक बोर्डिंगं उभी केली, मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. त्या काळी दार उघडणं हेच मोठं काम होतं. त्यांपैकी जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करायचं नाकारलं म्हणून त्यांना तिथून बाहेर पडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. त्याच भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंगतीत आणलं. १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला गेलेल्या डॉ. आंबेडकरांना जातीमुळे राहायला हक्काची खोली मिळाली नव्हती. त्यांनी पुढे जी वसतिगृहं उघडली त्यांतलं एक १९२९ साली धारवाडातच सुरू झालं, तुझ्या कॉलेजच्या गावात.

तुमच्या वसतिगृहाच्या दारातून आज कोणाला परत पाठवत नाहीत. तरी मेसमध्ये निपाणीचं टेबल वेगळं, बागलकोटचं वेगळं, आणि वर्ष संपलं तरी कन्नड चार वाक्यांपलीकडे जात नाही, असं तूच दिवाळीत सांगत होतीस. घरात मराठी बोलणारे बेंद्रे याच धारवाडात कन्नडचे थोर कवी झाले. तेवढं कोणी मागत नाही. पण विजापूर किंवा गदगच्या मुलीबरोबर एक वर्ष काढलंस तर बसमध्ये, बँकेत, पुढे नोकरीच्या मुलाखतीत भाषा अडणार नाही. त्या मुलीलाही मराठी येईल. तुम्ही तिघी एकाच मजल्यावर राहा, पण खोल्या वेगवेगळ्या मागा आणि जोडीदाराचा रकाना सोडतीवर सोपवा. डार्टमथचे ते चार प्रश्न मात्र पहिल्याच संध्याकाळी एकमेकींना विचारून घ्या. दिवा किती वाजता मालवायचा, फोनवर बोलायला कुठे जायचं, खोलीची किल्ली कोणाजवळ, हे तेव्हाच ठरलं तर पुढे कुरबुरी कमी होतात.

नंबर अगदी शेवटचा लागला किंवा जागाच मिळाली नाही, तर प्रतीक्षायादीत नाव लगेच घालायचं. पहिल्या महिन्यात कोणी ना कोणी घरी परततं आणि खोली मोकळी होते. कर्नाटक सरकारची विद्यासिरी योजना मागासवर्गीय विद्यार्थ्यांपैकी ज्यांना वसतिगृह मिळत नाही त्यांच्यासाठी आहे. २०१३ साली सुरू झाली तेव्हा वर्षातले दहा महिने दरमहा १,५०० रुपये मिळत. तुझ्या मैत्रिणींपैकी कोणी त्यात बसत असेल तर तिला उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आत्ताच काढायला सांग. नवनगरचं घर तर आहेच. चिगरी बसचा मार्ग दारावरून जातो, थेट धारवाडपर्यंत. मामीने वरची खोली झाडून ठेवली आहे. तरीही आधी अर्ज भर, यादी लांब लिही, आणि सोडत रविवारच्या आत झाली तर नंबर कळव. नियमांच्या कागदाचा फोटोही पाठव, म्हणजे पाळीची पद्धत आहे की पसंतीची, ते दोघं मिळून पाहू.

तुझा,
मामा