सरांची मार्टिन

देवळाली कॅम्पातल्या आमच्या सरांनी शेवटच्या आजारपणात आपली जुनी मार्टिन गिटार माझ्या हातात दिली. "वाजवत राहा, भिंतीला टांगू नकोस," एवढंच म्हणाले. दोन विद्यार्थी समोर होते, पण कागदाचं नाव कुणी काढलं नाही. सरांपुढे कोण काढणार? सर गेले आणि तेरावं उरकायच्या आत त्यांच्या पुतण्याने गिटार घरची आहे, परत द्या म्हणून मागणी केली. माणूस वाईट नव्हता. त्याला कुणीतरी मोबाइलवर जुन्या मार्टिनची किंमत दाखवली होती.

वकिलांचं म्हणणं, कायदा माझ्या बाजूने आहे. जंगम वस्तूचं दान तिचा ताबा दिला की पुरं होतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 123 तेच सांगतं. पण कायमची दिली की नुसती वाजवायला दिली, हे कशावरून ठरवायचं? तडजोड होईपर्यंत गिटार एका तिऱ्हाइताकडे ठेवायचं ठरलं. त्या भल्या गृहस्थाने ती पत्र्याच्या खोलीत, पेटीत बंद करून, तारा ताणलेल्याच ठेवल्या. त्यात नाशिकचा मे महिना. पेटी उघडली तेव्हा ब्रिजची मागची कड सुटून वर आली होती, खालून पोस्टकार्ड सहज सरकलं असतं. पुढच्या स्प्रूसच्या फळीला ब्रिजपासून खालपर्यंत चीर गेली होती. वाद मिटला, साक्षीला दोघे विद्यार्थी उभे राहिले, गिटार माझ्याकडे आली. चीर बुजवली, तरी उजेडात दिसतेच.

तेव्हापासून कुणी जुनी गिटार दाखवायला आणली की मी सूर नंतर बघतो, आधी क्रमांक. मार्टिनचा क्रमांक साउंडहोलमधून आत डोकावलं की मानेच्या ठोकळ्यावर दिसतो. 1898 पासून कंपनी हे क्रमांक ओळीने देत आली आहे, त्यामुळे वर्ष कळतं. सरांच्या गिटारीची कथा अशी, की 1947 मध्ये छावणी सोडताना एका गोऱ्या साहेबाने ती विकली. क्रमांक निघाला 1956 चा! सरांनी ती गोष्ट जशी ऐकली तशी सांगितली, आणि आम्ही सगळ्यांनी मिटक्या मारत पुढे सांगितली.

गिब्सनच्या बाबतीत जास्त जपा. साठच्या दशकात त्यांचे क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले गेले, म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नये. लाकडाच्या रेषा पाहाव्यात. जॉन लेननची 1962 ची गिब्सन 1963 च्या अखेरीस हरवली. पुढे अमेरिकेत एकाने ती कुणाची हे माहीत नसताना विकत घेतली आणि वर्षानुवर्षं वाजवली. 2014 मध्ये क्रमांक आणि जुन्या फोटोंतल्या रेषा जुळल्या, तेव्हा उलगडा झाला. 2015 च्या लिलावात तिला चोवीस लाख डॉलर आले. आपल्या गिटारीला एवढे येणार नाहीत, पण पुढच्या फळीचा दिवसाउजेडी जवळून काढलेला फोटो फुकटच असतो.

विकत घेताना पावती घ्याच, आणि त्यावर विकणाऱ्याकडे ती कुठून आली हेही लिहून घ्या. 1930 च्या माल विक्री कायद्यानुसार विकणाराच मालक नसेल तर सहसा तुम्हालाही मालकी मिळत नाही, पैसे कितीही इमानदारीने मोजलेले असोत. शिवाय कार्यक्रमासाठी परदेशी जाणार असाल तर लाकूड कोणतं याचीही नोंद हवी. ब्राझिलियन रोझवुडवर 1992 पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, आणि 1969 पर्यंतच्या कित्येक मार्टिन गिटारींना तेच लाकूड आहे.

वाद्य शिष्याला द्यायचं मनात असेल तर साध्या कागदावर लिहा: कुणाला दिलं, कोणत्या तारखेला, क्रमांक काय. खाली आपली सही, दोन साक्षीदार, आणि जमलं तर घरातल्या एकाचीही सही. गुरूकडे असा कागद मागताना जीभ अडखळते, हे मला ठाऊक आहे. तरी मागा.